बादलीतलं टोमॅटो बिघडलंय? आधी झाकण उचला, खत नंतर: क्रॅटकी बादलीची तपासणी, पायरी-पायरीने

बिनपंपाच्या बादलीत लावलेलं टोमॅटो बिघडलं की जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, पानं पिवळी पडलीत, आता काय टाकू? आणि उत्तर मिळायच्या आत कॅलमॅग (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं खत), एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), पीएच डाउन (पीएच खाली आणणारं आम्ल) यातलं काहीतरी पाण्यात गेलेलं पण असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पान सगळ्यात शेवटी बघायचं. क्रॅटकी, म्हणजे पंपाशिवाय साचलेल्या खताच्या पाण्यात झाड वाढवायची पद्धत, आणि त्या बादलीतला बिघाड बहुतेक वेळा झाकणाखाली असतो, पाण्याच्या लेव्हलमध्ये, मुळांना मिळणाऱ्या हवेत नाहीतर पाण्याच्या तापमानात, आणि ते न बघता खत वाढवलं की आधीच गुदमरलेल्या मुळांवर वरून क्षारांचा भार पडतो.

हे सगळं घरात लाइटखाली, १० ते २० लिटरच्या बादलीत, पंप किंवा एअरस्टोन न लावता वाढवलेल्या ठेंगण्या जातीच्या टोमॅटोसाठी लिहिलंय. मिरची, बेसिल, लेट्यूस यांना पण क्रम हाच, फक्त आकडे थोडे वेगळे. ठेंगणं टोमॅटो मुद्दाम घेतलं कारण दिवस किती तासांचा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, वय झालं की ते फुलावर येतं, मग झाड वीतभर असो की हातभर. पहिल्या तीन-चार आठवड्यांत मुळं अडली तर झाड लहान असतानाच फुलतं आणि ती राहिलेली वाढ नंतर भरून निघत नाही. त्यामुळे चार उपाय करून बघू, एखादा लागेल, एवढा वेळच हातात नसतो.

## तयारी: मीटर खरं बोलतोय का ते आधी बघा

जवळ काय काय पाहिजे: पीएच मीटर, ईसी मीटर (पाण्यात खत-क्षार किती विरघळलेत ते विजेच्या वहनावरून दाखवतो), पाण्यात बुडवता येईल असा थर्मामीटर, टॉर्च, मापाचा जग, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, एक रिकामी बादली, पाणी काढायला पातळ नळी, आणि वही. वही ऐच्छिक नाहीये. तीन दिवसांपूर्वी लेव्हल कुठे होती हे आठवणीवर सोडलं तर पुढची निम्मी तपासणी वाया जाते.

पीएच मीटर ७ आणि ४ च्या बफरमध्ये (पीएच ठरलेला असतो असं द्रावण) कॅलिब्रेट करा, आणि तेही आज, मागच्या महिन्यात केलं होतं ते धरायचं नाही. प्रोब कोरडा ठेवू नका आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये पण ठेवू नका, त्याचं स्टोरेज सोल्यूशन वेगळं येतं, पोटॅशियम क्लोराइडचं, त्यातच ठेवायचा. स्वस्त मीटर बिघडतात त्यातले बरेचसे प्रोब वाळल्यामुळे बिघडतात आणि आकडा मात्र आत्मविश्वासाने दाखवत राहतात.

ईसी मीटरमध्ये दुसरीच गंमत आहे. काही मीटर पीपीएम दाखवतात आणि त्या पीपीएमच्या दोन पट्ट्या आहेत. ईसी १.० म्हणजे एका पट्टीवर ५०० पीपीएम, दुसऱ्यावर ७००. कोणीतरी ‘१००० ठेवा’ म्हणाला तर त्याचं १००० आणि तुमचं १००० एकच असेल असं नाही, एका पट्टीवर ते ईसी २.० होतं आणि दुसऱ्यावर साधारण १.४. म्हणून इथून पुढे सगळे आकडे ईसीमध्येच देतोय, मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर.

तपासा: तुमच्या साध्या पाण्याची, खत न टाकता, ईसी किती येते? ०.४-०.५ च्या वर असेल तर पाणी बहुधा जड आहे हे लिहून ठेवा, पुढे पीएचला हे लागणार आहे.

## १. हात लावायच्या आधी फोटो आणि नोंद

लाइट गुलाबी-जांभळा असेल तर तो बंद करून साध्या पांढऱ्या उजेडात फोटो काढा. जांभळ्या लाइटखाली हिरवं पान पण काळपट दिसतं आणि पिवळेपणा कुठून सुरू झालाय ते कळत नाही.

नोंद चारच गोष्टींची. त्रास खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या नव्या पानांवर, मागचं पाणी कधी भरलं आणि किती भरलं, खोलीचं तापमान लाइट चालू असताना किती आणि बंद असताना किती, आणि गेल्या आठवड्यात तुम्ही काय बदललंत. हे शेवटचं प्रामाणिकपणे लिहा, कारण बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

## २. पाण्याची लेव्हल आणि मधली हवा

सगळ्यात जास्त झाडं इथे जातात, म्हणून या पायरीवर वेळ घालवा.

क्रॅटकीमध्ये पंप नाही, तर मुळांना ऑक्सिजन मिळतो कुठून? पाणी जसं खाली जातं तशी नेट पॉट (झाकणात बसवलेली, झाड धरणारी जाळीची कुंडी) आणि पाणी यांच्यामध्ये दमट हवेची जागा तयार होते, आणि त्या जागेत लोंबणारी मुळं हवेतून श्वास घेतात. झाकण उचलून टॉर्च मारलात तर दोन प्रकारची मुळं वेगवेगळी दिसतात. वरची, हवेतली, आखूड आणि भरपूर फुटलेली असतात, त्यांच्यावर बारीक पांढरी लव असते, जवळून पाहिलं तर कापसाचा धागा विस्कटल्यासारखी. खालची, पाण्यातली, लांब, सरळ, गुळगुळीत. वरच्यांचं काम मुख्यतः हवा घेणं, खालच्यांचं पाणी आणि अन्न.

आता चूक कशी होते बघा. बादली अर्धी झाली, मनात धाकधूक होते, आणि माणूस एक जग घेऊन बादली पुन्हा काठोकाठ भरतो. हवेतली सगळी मुळं पाण्याखाली जातात, साचलेल्या पाण्यात त्यांना पुरेसा ऑक्सिजन नसतो, आणि एक-दोन दिवसांत भरलेल्या बादलीवर झाड माना टाकतं. मग वाटतं पाणी कमी पडतंय, आणि अजून भरलं जातं.

टोमॅटोमध्ये याची एक खूण कोमेजण्याच्याही आधी दिसते. पान अजून ताठ असतं पण देठ खाली वळतो, सगळं झाड छत्री मिटत आल्यासारखं दिसतं. मुळांना ऑक्सिजन कमी पडला की झाडात इथिलिन वाढतो आणि देठाची वरची बाजू जास्त वाढून तो खाली झुकतो. पाणी कमी पडलं असेल तर पान मऊ आणि लुळं लागतं. हा फरक बोटांनी कळतो, पान हातात धरून बघा.

नियम असा लक्षात ठेवा: लेव्हल खाली जाऊ देता येते, आहे तिथे स्थिर ठेवता येते, एकदम वर नेता येत नाही.

लेव्हल कुठे असावी:

- रोप लावताना पाणी नेट पॉटच्या तळाला जेमतेम १ सेंटिमीटर लागेल एवढं. त्याहून वर नेलं तर क्ले बॉल्स किंवा कोकोपीट सतत ओलं राहतं आणि खोड बुडाशी कुजतं.
- मुळं पाण्यात चांगली ४-५ सेंटिमीटर उतरेपर्यंत लेव्हलला हात लावू नका. मग ती आपोआप खाली जाऊ द्या.
- झाड मोठं झाल्यावर बादलीत पाणी तिसरा हिस्सा ते निम्मं, बाकी हवा. पुन्हा भरताना जेवढं कमी झालंय त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त भरायचं नाही.
- तळाशी दोन-तीन बोटांपेक्षा कमी पाणी कधीच राहू देऊ नका, फळं धरलेलं झाड दिवसाला लिटरभर किंवा जास्तही पिऊ शकतं आणि एका रात्रीत बादली कोरडी पडते.

जास्त भरलं गेलं असेल तर दुरुस्ती सोपी आहे, नळी लावून आधीच्या लेव्हलपर्यंत पाणी काढून टाका, आत्ता, उद्या नाही. मुळं मेली नसतील तर झाड काही दिवसांत सावरतं.

सावधान: पूर्ण पाणी बदलताना पण हाच नियम. जुनं काढलं आणि नवीन भरलं, तर नवीन पाणी जुन्या लेव्हलपर्यंतच भरायचं, पहिल्या दिवशीच्या लेव्हलपर्यंत नाही. लेव्हलचं नीट सांभाळणारे लोकसुद्धा पाणी बदलायच्या दिवशी हमखास इथे चुकतात. बादलीच्या बाहेरून टेप लावून खूण करून ठेवा.

## ३. मुळं: रंग, वास, चिकटपणा

झाकणासकट झाड उचलून रिकाम्या बादलीवर ठेवा, मुळं कोरडी पडू देऊ नका, दोन-तीन मिनिटांत काम उरका.

पांढरी किंवा साय रंगाची मुळं चांगली. फिकट तपकिरी असली तरी लगेच घाबरू नका, काही खतांचा रंगच मुळांना चढतो. खरी परीक्षा वासाची आणि स्पर्शाची. चांगल्या मुळांना पावसाळी मातीसारखा किंवा काहीच वास येत नाही, आणि बोटांमध्ये धरून हलकं ओढलं तर ती ताठ लागतात. कुजलेल्या मुळांना गटारासारखा वास येतो, ती बुळबुळीत लागतात, आणि ओढलं की वरची साल हातात येऊन आत केसासारखा धागा तेवढा उरतो. हे मूळकुज, बऱ्याचदा पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जंतूची.

कुज थोडीच असेल तर: कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापा, उरलेली मुळं साध्या, खोलीच्या तापमानाच्या पाण्यात हलकेच धुवा, बादली घासून धुवा, नवीन पाणी नेहमीच्या निम्म्या ताकदीचं बनवा, आणि लेव्हल कमी ठेवा म्हणजे जास्तीत जास्त मुळं हवेत राहतील. मुळं कमी झाली म्हणजे झाडाला तेवढं पाणी ओढता येणार नाही, म्हणून चार-पाच दिवस लाइट थोडा मंद करा आणि फळं-फुलं असतील तर त्यातली काही काढून टाका.

हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल सगळे विचारतात. ते टाकलं की फेस येतो, पाणी स्वच्छ दिसतं, बरं वाटतं, पण त्याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो आणि जास्त झालं तर चांगली मुळंही भाजतात. पाणी गरम असेल आणि उजेड शिरत असेल तर कुज परत येणारच. म्हणून पुढची पायरी.

## ४. पाण्याचं तापमान आणि बादलीत शिरणारा उजेड

पाणी १८ ते २४ अंश सेल्सिअस असलेलं चांगलं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आणि त्याच वेळी गरम पाण्यात मुळांची ऑक्सिजनची भूक वाढते आणि कुजीचे जंतूही जोरात वाढतात, म्हणजे तिन्ही बाजूंनी मार. तापमान मोजायचं ते लाइट बंद व्हायच्या थोडं आधी, कारण दिवसातलं सगळ्यात गरम पाणी तेव्हा मिळतं. सकाळी मोजून २२ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

गरम होत असेल तर बादली लाइटच्या ड्रायव्हरपासून (लाइटला वीज पुरवणारा, तापणारा डबा) लांब घ्या, बाहेरून पांढरं किंवा चकचकीत आवरण लावा, लाइटचे तास रात्रीकडे सरकवा, आणि लेव्हल कमी ठेवून हवेतली मुळं वाढवा. बर्फ टाकू नका, तापमान झटकन खाली-वर होतं आणि खतही पातळ होतं.

उजेडाची तपासणी: खोली पूर्ण काळोखी करा, टॉर्च बादलीच्या आत ठेवून झाकण लावा. बादलीची भिंत, झाकणाची कड, नेट पॉटच्या भोवतीची फट, जिथे जिथे उजेड बाहेर दिसेल तिथून आत पण जाणार. पांढऱ्या बादल्या दिसायला जाड वाटतात पण बऱ्याच पारभासक असतात. आतून हिरवा थर दिसत असेल तर ते शेवाळ, ते तुमचं खत खातं, मेल्यावर कुजतं आणि ऑक्सिजन पण खातं. आधी काळा थर आणि त्यावर पांढरा किंवा अॅल्युमिनियम फॉइल, असं गुंडाळा. नुसतं फॉइल एका ठिकाणी फाटलं तरी उजेड आत शिरायला तेवढं पुरतं.

तपासा: झाकणात कुठे मोकळं भोक आहे का? साचलेलं पाणी आहे, डास अंडी घालणारच. पाणी भरायचं भोक बारीक जाळीने बंद ठेवा.

## ५. पीएच: रेषा बघा, एकटा आकडा नको

५.५ ते ६.५ मध्ये कुठेही असेल तर हात लावू नका. रोज ५.८ वर आणून ठेवायची धडपड करणाऱ्यांची झाडं जास्त बिघडतात, कारण प्रत्येक वेळी आम्ल नाहीतर अल्कली जाते, ईसी वाढते आणि मुळांना रोज नवा धक्का बसतो.

झाड नायट्रेट ओढतं तेव्हा पाण्याचा पीएच हळूहळू वर सरकतो. निरोगी वाढणाऱ्या झाडात हे अपेक्षितच आहे. तो सात-साडेसातकडे धावत असेल तर दोनच कारणं बघा: पाणी जड आहे आणि त्यातले बायकार्बोनेट पीएच वर ढकलतायत, किंवा शेवाळ झालंय. जड पाणी असेल तर अर्धं आरओचं पाणी मिसळणं हा सगळ्यात टिकाऊ उपाय. आम्ल घालायचं तर फॉस्फोरिक आम्लाचं पीएच डाउन बरं, सायट्रिक आम्ल जंतू खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत पीएच पुन्हा होता तिथे.

पीएच अचानक खाली, ५ च्या आत गेला तर मुळांकडे परत जा. खतात अमोनियम जास्त असेल तरी तो खाली जातो, पण कुज सुरू असतानाही जातो, आणि कुज असेल तर पीएच अप टाकून काही होत नाही.

सावधान: आम्ल थेट बादलीत मुळांवर ओतू नका. थोडं पाणी जगात काढा, त्यात मिसळा, ते बादलीत घाला, हलवा, पंधरा-वीस मिनिटांनी मोजा.

## ६. ईसी: झाड काय पितंय ते इथे कळतं

ठेंगण्या टोमॅटोला रोप असताना ०.८ ते १.०, वाढीच्या काळात १.४ ते १.८, फळं धरल्यावर २.० ते २.५. मिरची थोडी कमी घेते, बेसिल १.० ते १.६, लेट्यूस ०.८ ते १.२. शंका असेल तेव्हा खालचा आकडा धरा, कारण साचलेल्या पाण्याची पद्धत आहे, ते पाणी घट्ट व्हायची भीती कायम असते.

एका आकड्यापेक्षा लेव्हल आणि ईसी दोन्ही तीन-चार दिवस सोबत लिहा. मग चित्र स्पष्ट दिसतं:

- लेव्हल उतरतेय आणि ईसी चढतेय: झाड पाणी जास्त पितंय, अन्न मागे सोडतंय. पाणी त्याच्यासाठी घट्ट आहे. पुढचं भरणं नुसत्या साध्या पाण्याने करा.
- लेव्हल उतरतेय आणि ईसी पण उतरतेय: भूक आहे. पुढचं भरणं पूर्ण ताकदीच्या पाण्याने.
- लेव्हल उतरतेय, ईसी जागच्या जागी: ताकद बरोबर बसलीये. निम्म्या ते पाऊण ताकदीने भरत राहा आणि मध्ये पडू नका.
- लेव्हलच हलत नाही: इथे खताचा विचार पण करू नका. झाड पीतच नाहीये. मुळं, तापमान, नाहीतर अंधूक लाइट.

या शेवटच्या ओळीवर मी जोर देईन. न पिणाऱ्या झाडाला जास्त अन्न घालणं ही सगळ्यात महाग चूक आहे, कारण त्यानंतर दोन बिघाड एकमेकांत मिसळतात आणि पानावरून काहीच वाचता येत नाही.

## ७. आता पान

वरचं सगळं ठीक असेल तरच पानावर या. पहिला प्रश्न रंगाचा नाही, जागेचा. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, म्हणून यांची कमतरता खालून सुरू होते. कॅल्शियम, लोह, बोरॉन, मँगनीज हे एकदा बसले की फारसे हलत नाहीत, म्हणून यांची कमतरता शेंड्याला दिसते.

खालची पानं सगळीच्या सगळी फिकट पिवळी आणि ईसी कमी: नायट्रोजन. पण फळं पिकायला लागल्यावर अगदी खालची दोन-तीन पानं पिवळी पडणं म्हातारपणाचं आहे, त्यावर उपाय करत बसू नका.

खालच्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा: मॅग्नेशियम. शेंड्याच्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढुरका: लोह. दोन्ही चित्रं सारखी दिसतात आणि लोक लोहाच्या जागी एप्सम सॉल्ट टाकतात, म्हणून जागा आधी बघायची. लोह कमी दिसलं की लोह विकत आणायच्या आधी पीएच बघा, साध्या इडीटीए प्रकारचं लोह पीएच साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही, ते बादलीत असूनही झाडाच्या कामाचं राहत नाही.

पानांची टोकं आणि कडा जळल्यासारख्या तपकिरी, ईसी वर: क्षार जास्त. शेंड्याची कोवळी पानं वाकडी, कडा करपलेल्या: कॅल्शियम शेंड्यापर्यंत पोचत नाहीये, आणि ते बऱ्याचदा हवा कोंदट असल्यामुळे. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबरच चढतं, पानातून बाष्प गेलं नाही तर ओढ नाही. छोटा पंखा लावा, पानं जराशी हलतील एवढाच.

बिघडलेलं पान परत हिरवं होईल याची वाट बघू नका. उपाय लागला की नाही ते पुढच्या नव्या पानावरून ठरवायचं. जुनं पान लक्षात राहावं म्हणून त्याच्या देठाला सैल दोरा बांधून ठेवला तर त्रास वर सरकतोय की थांबलाय हे लगेच कळतं.

## ८. लाइट, फुलं, फळं

लाइट १४ ते १६ तास. चोवीस तास ठेवू नका, सतत उजेडात टोमॅटोची पानं ठिपक्या-ठिपक्यांनी पिवळी पडतात आणि ते हुबेहूब कमतरतेसारखं दिसतं. रोपाला १५० ते २५० पीपीएफडी (झाडाच्या कामाचा उजेड दर सेकंदाला किती पडतो त्याचं माप), फळाच्या झाडाला ४०० ते ६००. दिवसभराचा हिशोब असा: पीपीएफडी गुणिले तास गुणिले ०.००३६. ४०० आणि १६ तास धरले तर दिवसाला चौरस मीटरमागे २३ मोल येतात, टोमॅटोला २० ते ३० पुरतात. रोप उंच, लुकडं, पानांत अंतर जास्त: लाइट कमी. फक्त सगळ्यात वरची पानं पांढुरकी आणि कडा वर वळलेल्या, खाली सगळं ठीक: लाइट जवळ आलाय, खत नको, लाइट वर करा.

घरात वारा नाही, मधमाशी नाही, म्हणून फुलं आपणच हलवायची. दुपारच्या सुमारास, फूल पूर्ण उघडलेलं असताना, इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू घोसाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवा, दर एक-दोन दिवसांनी. तरीही फुलं गळत असतील तर तापमान बघा, दिवसा ३२ च्या वर किंवा रात्री २४ च्या वर परागच नीट होत नाहीत, आणि १३ च्या खाली पण नाही. दमटपणा ५० ते ७० टक्के असू दे, फार ओल्या हवेत पराग चिकटून बसतो.

फळाच्या बुडाला काळा, चपटा, चामड्यासारखा डाग: फळाला कॅल्शियम पोचलेलं नाही. पाण्यात कॅल्शियम आहे की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी बघा ईसी फार चढलीये का, बादली मध्ये एकदा कोरडी पडली होती का, मुळं ठीक आहेत का. डागाळलेली फळं काढा, ईसी २.० च्या आसपास आणा, लेव्हल स्थिर ठेवा. पानांवर कॅल्शियम फवारून फळाला काही मिळत नाही, पानातलं कॅल्शियम फळाकडे जातच नाही.

## ९. नवीन पाणी बनवायचा क्रम

तीन पुड्यांचं खत असेल, म्हणजे ४-१८-३८ प्रकारचं (नायट्रोजन-फॉस्फरस-पोटॅशियमचे आकडे) मुख्य खत, मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम नायट्रेट, तर १० लिटरला पूर्ण ताकद साधारण ६ ग्रॅम, ३ ग्रॅम आणि ६ ग्रॅम. ईसी दीडच्या आसपास येते, अधिक तुमच्या पाण्याची स्वतःची. वेगळ्या खताला त्याच्या पाकिटावरचं माप.

१. बादलीत आधी सगळं पाणी घ्या, पाणी खोलीच्या तापमानाचं.
२. मुख्य खत टाका, पूर्ण विरघळू द्या.
३. मॅग्नेशियम सल्फेट, पुन्हा पूर्ण विरघळू द्या.
४. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या जगात भरपूर पाण्यात विरघळवून शेवटी, ढवळत ढवळत.
५. अर्ध्या तासाने ईसी, मग पीएच. पीएच आधी नीट करून मग खत टाकण्यात अर्थ नाही, खतानेच तो बदलतो.

सावधान: कोरड्या पुड्या एकत्र करून किंवा घट्ट द्रावणात कॅल्शियम नायट्रेट बाकीच्यांबरोबर मिसळू नका. त्यातलं कॅल्शियम बाकीच्या पुड्यांतल्या सल्फेटशी आणि फॉस्फेटशी जुळून पांढरा गाळ बनतो. तळाला हात घातला की बारीक खडूसारखी भुकटी लागते, आणि ती परत विरघळत नाही. मीटर ईसी दाखवतो पण झाडाच्या वाट्याचं कॅल्शियम आणि फॉस्फरस तळाशी पडलेले असतात. असं पाणी फेकून द्या.

## १०. बदल केला, आता थांबा

एका वेळी एकच बदल. अपवाद फक्त बुडालेली मुळं आणि कुज, तिथे लेव्हल, पाणी, लाइट सगळं एकदम करावं लागतं. बाकी वेळी बदल केला, तारीख लिहिली, आणि चार-पाच दिवस फक्त बघायचं: लेव्हल पुन्हा उतरायला लागली का, नवं पान कसं येतंय, मुळांना नवी पांढरी टोकं फुटतायत का. लेव्हल उतरणं ही पहिली चांगली खूण, पानाच्या कितीतरी आधी दिसते.

रोप तीन-चार पानांचं असतानाच मुळं पूर्ण कुजली असतील तर त्याला वाचवत बसू नका. ठेंगण्या जातीत ते जगलं तरी हाताच्या पंजाएवढ्या झाडाला चार फळं लागतील आणि बादली दोन-तीन महिने अडकेल. नवीन बी पेरलेलं लवकर पुढे जातं. फळं धरलेलं झाड असेल तर उलट, ते निम्म्या मुळांवर सुद्धा आहेत ती फळं पिकवू शकतं, त्याला वेळ द्या.

बादली पुन्हा वापरताना आधी ब्रशने बुळबुळीत थर घासून काढा, कारण थरावर ब्लीच टाकलं तर ते थरातच संपतं. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी, बादली, झाकण, नेट पॉट सगळं किमान दहा मिनिटं ओलं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा. ब्लीचच्या आसपास पीएच डाउन, व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल आणू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. जुने क्ले बॉल्स उकळून घेता येतात, रॉकवूल आणि कोकोपीट मात्र टाकून द्या. आणि नवीन रोप ठेवायच्या आधी टॉर्चची काळोखातली टेस्ट परत एकदा, घासताना आवरण कुठेतरी फाटलेलं असतंच.